चाकांवरून पात्यावर

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)



आमच्या वडगावात बर्फ दिसतो तो दोनच ठिकाणी : मासळीच्या पेटीत आणि उसाच्या रसाच्या गाड्यावर. पायाखाली पसरलेला बर्फ येथे कोणी पाहिलेला नाही, पुढेही कोणी पाहील असे वाटत नाही. अशा गावात जन्म काढलेल्या माणसाने बर्फावरील हॉकीच्या बुटांना धार कशी लावावी या विषयावर बोलावे, हे ऐकून आपणांस हसू आले तर त्यात वावगे काही नाही. पहिल्यांदा मलाही आले होते. परंतु गेल्या काही वर्षांत या एका गोष्टीने माझी झोप घालवली, एका मुलीचा हात मोडला आणि तीस वर्षे ज्या धंद्यात घालवली तो धंदा आपल्याला येतो या समजुतीलाही थोडा धक्का बसला. म्हणून जे कळले ते सांगतो.

बेळगाव हे चाकांच्या स्केटिंगचे गाव आहे. पहाटे रहदारी सुरू होण्यापूर्वी पायांना चाके बांधून निघालेली मुले येथे नवलाची राहिलेली नाहीत. याच गावच्या रोहन कोकणे या मुलाने २०११ साली मुंबईस जुहू येथे ओळीने उभ्या केलेल्या मोटारींच्या खालून, शरीर जमिनीलगत दुमडून, स्केटवरून जाण्याचा विक्रम केला, तेव्हा साऱ्या देशाला बेळगावची ही हौस ठाऊक झाली. या मुलांपैकी काही जण वेगाच्या शर्यतीकडे वळतात, काही एका रांगेत चार चाके असलेले बूट घालून हॉकी खेळतात आणि त्यांतील थोड्यांना पुढे बर्फ खुणावू लागतो. लेह येथे हिवाळी क्रीडास्पर्धा भरतात आणि त्यांत महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांची मुले पदके मिळवतात. देहरादून येथे २०११ साली बांधलेली आणि पुढे वर्षानुवर्षे बंद पडलेली हिमाद्री ही छपराखालील रिंक २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्याच वर्षी संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशियाई स्पर्धेत भारताच्या महिलांनी बर्फावरील हॉकीचे कांस्यपदक जिंकले. त्या संघातील बहुतेक मुली लडाख आणि स्पितीच्या, बर्फातच वाढलेल्या. आमच्या मुलींना मात्र तो बर्फ शोधत दोन हजार किलोमीटर जावे लागते.

गंमत अशी की, ही वाट मुळात उलटी आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९८० च्या सुमारास ऑल्सन नावाच्या बंधूंनी एका रांगेतील चाकांचे बूट सुधारून बाजारात आणले, ते बर्फावर खेळणाऱ्यांना उन्हाळ्यात सराव करता यावा म्हणून. त्यांच्याकडे बर्फ आधी आणि चाके मागाहून; आमच्याकडे चाके आधी आणि बर्फ, मिळाला तर, मागाहून. त्यामुळे जी माहिती तिकडच्या मुलाला कळत्या वयापूर्वीच पायांतून मिळते, ती आमच्या मुलाला कोणी तरी तोंडाने सांगावी लागते.

माझा धंदा ग्राइंडरचा. वडील मागावर बसत; मी उद्यमबागेत कारखान्यात लागलो आणि लोखंड घासण्यात आयुष्य गेले. माझी भाची चाकांवरची हॉकी खेळे. एका वर्षी मंगाईच्या यात्रेला ती आमच्याकडे आली ती पिशवीतून बर्फावरचे जुने बूट घेऊनच. कोणा खेळाडूकडून ते तिने विकत घेतले होते. "मामा, याला धार लावायची आहे. इथे कोणाला येत नाही म्हणतात," असे ती म्हणाली. ज्या गावात हजारो यंत्रांचे भाग मायक्रॉनच्या मापात घासले जातात, त्या गावात एका पात्याला धार लावता येत नाही, हे मला अपमानास्पद वाटले. मी बूट ठेवून घेतले.

आता आधी चाक आणि पाते यांतील फरक पाहू. चाक असते चिवट रबरासारख्या द्रव्याचे, आणि त्याचा कडेचा आकार गोल असतो. खेळाडू सरळ उभा राहो की एका अंगाला झुको, चाक जमिनीला सारखेच धरून राहते. ते बाजूला सहजासहजी घसरत नाही. म्हणून चाकांवरील मुले पाय जवळजवळ उभा ठेवूनही जोराने रेटा देऊ शकतात आणि थांबताना बहुधा एक पाय मागे आडवा धरून फरफटत नेतात. बर्फावरील पात्याचे तसे नाही. पाते सरळ उभे असताना ते फक्त पुढे सरकते. रेटा देऊ गेल्यास बाजूला निसटते. घोटा झुकवला की मगच त्याची एक कड बर्फात रुतते आणि पायाला आधार मिळतो. थांबताना दोन्ही पाती वाटेला आडवी करावी लागतात आणि बर्फाचा चुरा खरवडत थांबावे लागते. म्हणजे एकाच पात्याने एकदा बर्फ घट्ट धरावा आणि लगेच दुसऱ्या क्षणी सोडूनही द्यावा, अशी ही मागणी आहे.

ही मागणी पुरवण्याची युक्ती पात्याच्या तळाशी असते. ते सुरीसारखे टोकदार नसते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण बहुतेकांचा समज तसाच असतो. पाते सुमारे तीन मिलिमीटर जाड असते आणि त्याच्या तळाला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, घराच्या पन्हळीसारखी एक उथळ खोबण घासलेली असते. पन्हळीचे दोन काठ म्हणजे पात्याच्या दोन कडा, एक आतली आणि एक बाहेरची. ही पन्हळ किती खोल, यावर सारे अवलंबून.

ती पन्हळ मोजण्याची रीत मात्र गमतीची आहे. खोली कोणी मोजत नाही. घासणाऱ्या चाकाची कड ज्या वर्तुळाच्या कमानीत हिऱ्याने छाटलेली असते, त्या वर्तुळाची त्रिज्या सांगतात आणि तीही इंचांत. आमच्या सुतार-लोहारांच्या भाषेत इंचाचे आठ सूत. हे सूत वडगावच्या मागावरचे नव्हे, पट्टीवरचे. तर खेळाडू तीन सुतांपासून आठ सुतांपर्यंत, म्हणजे पूर्ण इंचापर्यंत, निरनिराळ्या त्रिज्येची पन्हळ वापरतात. दुकानातून नवे बूट घेतले तर पुष्कळदा चार सूत, म्हणजे अर्धा इंच, लावून मिळते. येथे सूत जितके कमी तितकी पन्हळ खोल, कडा तितक्या तीक्ष्ण आणि पकड तितकी घट्ट. सूत वाढले की पन्हळ उथळ होते, पाते अधिक सरकते, अधिक सहज घसरते. हा उलटा हिशेब ध्यानात न राहिल्यामुळे हवे त्याच्या नेमके उलट घासून आणणारे लोक मी पाहिले आहेत.

सवयीने मी कागदावर आकडे मांडले. तीन मिलिमीटर जाडीच्या पात्यावर तीन सुतांची पन्हळ मध्यभागी ११८ मायक्रॉन खोल जाते. चार सुतांची ८९, पाच सुतांची ७१ आणि आठ सुतांची अवघी ४४. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड धरला, तर चार आणि पाच सुतांतील फरक केसाच्या चौथ्या हिश्शाएवढा होतो. एवढ्याशा फरकाने माणसाच्या चालीत काय पडणार, असे माझ्या मनात आले. यंत्राचा एखादा भाग तेवढ्याने नापास होतो हे मला ठाऊक होते; माणसाचा पाय त्याहून बारीक मोजमाप करतो, हे ठाऊक नव्हते.

सपाट घासणाऱ्या यंत्रावर हे पाते चढवता येत नाही, एवढे सुदैवाने पहिल्याच दिवशी लक्षात आले. पाते लांबीत सरळ नसते. होडीच्या तळासारखा त्याला पुढेमागे बाक असतो. यंत्राच्या सरळ चालीत तो बाक घासून गेला असता तर बूट फुकट गेले असते. म्हणून मी पाते धरण्यासाठी एक जिग बनवली आणि ती हाताने, बाकाच्या अंगाने, चाकावरून फिरवली. चार सुतांची पन्हळ पाडली. काम देखणे झाले होते. भाची बूट घेऊन उत्तरेकडील एका रिंकवर शिबिराला गेली आणि चौथ्या दिवशी तिचा निरोप आला : "मामा, डावीकडं वळताना बर्फ पाय धरतच नाही बघा."

पुढील चूक सर्वस्वी माझी. पाय धरत नाही म्हणजे धार कमी, असा धंद्यातला सरळ अर्थ मी घेतला. चाकावरची मुलगी, तिला पकडीची सवय, तेव्हा तिला अधिक पकड द्यावी हे मला शहाणपणाचे वाटले. शिबिराच्या मधल्या सुटीत ती घरी आली तेव्हा पन्हळ एकदम तीन सुतांवर नेली. कड नखावरून फिरवली तर नखाचा भुगा निघत होता. परत गेल्यावर पहिल्याच सकाळी ती जोरात आली, थांबण्यासाठी उजवीकडे वळली आणि डाव्या पात्याने बर्फ जो धरला तो सोडलाच नाही. शरीर पुढे गेले, पाय तेथेच राहिला. मनगटाचे हाड मोडले, सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता आणि ज्या निवड-चाचणीसाठी हा सारा खटाटोप होता ती तिच्याविना पार पडली. माझी थोरली बहीण, आमची अक्का, मला एवढेच म्हणाली, "पोरीच्या पायात सुरी बांधून दिलीस तू." त्यावर उत्तर देण्याजोगे माझ्यापाशी काही नव्हते.

बूट परत आल्यावर मी ते टेबलावर घेऊन बसलो. पात्याच्या दोन्ही कडांवर लोखंडी पट्टीचा तुकडा आडवा ठेवला आणि पात्याच्या अंगाला गुण्या लावला. हे मी पहिल्या दिवशी करावयास हवे होते. डाव्या बुटावर पट्टी काटकोनात बसत नव्हती. बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा बुटकी होती. माझी जिग चाकाच्या मध्यापासून एका अंगाला किंचित सरकलेली, म्हणून पन्हळही एका अंगाला पडलेली. डावीकडे वळताना डाव्या पायाची बाहेरची कड लागते; ती बुटकी, म्हणून तेथे पाय निसटत होता. उजवीकडे वळून थांबताना आतली कड लागते. ती उंच, आणि तीन सुतांमुळे भलतीच तीक्ष्णही झालेली, म्हणून तेथे पाय अडकला. मुलीची तक्रार खरी होती. मी तिचा अर्थ चुकीचा लावला. मागावर ताण्याचा एक पदर सैल आणि एक घट्ट असेल तर सारा ताणा अधिक ओढून कापड सुधारत नाही, हे वडिलांच्या हाताखाली मी लहानपणीच पाहिलेले होते.

त्यानंतर काही खेळाडूंशी बोलून आणि बऱ्याच पात्यांवर हात बसल्यावर माझी रीत पुष्कळ बदलली. चाकांवरून आलेले मूल असेल तर प्रथम कडा समान आहेत की नाहीत ते पाहतो; नसतील तर बाकी काही बोलत नाही. कडा समान झाल्यावर छपराखालील रिंकसाठी पाच सुतांपासून सुरुवात करतो. पन्हळ उथळ असल्यामुळे पाते आडवे करून थांबण्याची क्रिया, जी या मुलांना मुळीच येत नसते, ती त्यांना न पडता शिकता येते. आरंभी त्यांना पाय निसटल्यासारखे वाटते आणि ती तक्रार घेऊन येतात. त्यांना मी सांगतो की, पंधरा दिवस काही बदलू नका. घोटा झुकवायला शिका, कड आपोआप सापडेल. दहांतील सात-आठ मुले परत येत नाहीत. जी येतात त्यांची पन्हळ अर्ध्या सुताने खोल करतो. एका वेळी त्याहून अधिक कधीही नाही, आणि त्याच वेळी बुटात दुसरा कोणताही फेरफार नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कोणत्या गोष्टीने गुण आला हे कळत नाही.

अर्थात पाच सूत हा काही वेदमंत्र नव्हे. वजनाने हलक्या मुलाचे पाते बर्फात कमी रुतते, त्याला खोल पन्हळ लागते. भारदस्त गड्याला उथळ पुरते. बर्फाची जातही पाहावी लागते. छपराखालील यांत्रिक बर्फ उणे पाच-सहा अंशांच्या आसपास ठेवतात. तो मानाने मऊ. लेहची गोष्ट निराळी. समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटर उंचीवर, जानेवारीत रात्री पारा उणे पंधराच्याही खाली जातो आणि पहाटेचा तो नैसर्गिक बर्फ दगडासारखा कठीण असतो. पाच सुतांचे पाते तेथे काचेवरून फिरल्यासारखे फिरते. म्हणून तेथे जाणाऱ्या हलक्या मुलामुलींना मी चार सूत लावून देतो. शिवाय तेथील वाऱ्याबरोबर धूळ आणि रेतीचे कण बर्फावर येऊन बसतात आणि कड फार लवकर मारतात. एरवी पाच-दहा तासांच्या खेळानंतर पाते पुन्हा घासावे लागते; तेथे रेतीवरून एकदा गेले की त्याच दिवशी लागेल. तेव्हा बारीक दगडाचा तुकडा बरोबर असू द्यावा आणि कडेच्या अंगावर हलकेच फिरवून वळलेली बर काढून टाकावी.

आणखी एक तक्रार येते ती धारेची नसते, पण येते धारवाल्याकडेच. "पुढे तोल जातो, मागे तोल जातो." चाकांच्या बुटाची चारही चाके जमिनीला टेकलेली असतात, त्यामुळे पायाखाली लांब आधार असतो. पात्याला बाक असल्यामुळे एका वेळी त्याचा मधला थोडासाच भाग बर्फाला टेकतो. चार खांबी पलंगावरून उठून पाळण्यात उभे राहिल्यासारखे वाटणारच. हा बाक घासून सपाट करून द्या, असे सांगणारे एक पालक मला भेटले. मी बूट तसेच परत दिले. त्या बाकामुळेच खेळाडू जागच्या जागी वळू शकतो. तो एकदा गेला की परत आणणे फार अवघड.

जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक हुन्नरी गृहस्थ अठराव्या शतकात लंडनला राहत असे. तो चाकांचे बूट घालून, व्हायोलिन वाजवत, एका मेजवानीत शिरला आणि थांबता न आल्यामुळे भल्या मोठ्या आरशावर जाऊन आदळला, असे सांगतात. आरसाही गेला, व्हायोलिनही गेले आणि तो स्वतः जखमी झाला. चालण्याची युक्ती त्याने शोधली होती. थांबण्याची राहिली होती. आमच्या दुकानात कोणी मूल "अजून तीक्ष्ण करा" म्हणाले की मी त्याला ही गोष्ट ऐकवतो.

घरच्यांसाठी थोडे सांगतो. सायकलवर सहाण बांधून दारोदार फिरणाऱ्या धारवाल्याला हे पाते कृपा करून देऊ नये. त्याचे काम विळी-कात्रीचे आणि ते तो उत्तम करतो. पण तो पात्याला आडवी, एका अंगाने उतरती धार लावून देईल आणि मग पन्हळही जाईल व काटकोनही जाईल. घासणारा कोणीही असो, पाते निळे पडलेले दिसले तर समजावे की ते तापले आणि पोलादाचे पाणी उतरले. तेवढी कड पुढे टिकणार नाही. हलक्या हाताने, लांबीच्या दिशेने, पुष्कळ फेरे द्यावेत. खेळ संपल्यावर पाते फडक्याने कोरडे करावे आणि ओले असताना रबरी म्यानात घालू नये. बेळगावचा पाऊस आपणांस ठाऊक आहे. जूनपासून चार महिने कोपऱ्यात पडलेले पाते गंजाने असे खाल्ले जाते की, दिवाळीनंतर बूट काढावेत तर कडेवर खळगे पडलेले असतात. तेलाचा हात देऊन सुती फडक्यात गुंडाळून ठेवावे, एवढे पुरे.

भाचीचा हात बरा झाला. पुढील हिवाळ्यात ती पुन्हा बर्फावर उतरली, प्रथम पाच सुतांवर, मग साडेचारांवर. माझ्यापाशी एक वही आहे, तीत प्रत्येक वेळी तारीख, सूत, तिचे वजन आणि तिने सांगितलेले शब्द मी लिहून ठेवतो. आता जानेवारीत लेहला जावयाचे आहे आणि परवा ती म्हणाली, "मामा, या खेपेला चारच्याही खाली पाव सूत न्या." मी डाव्या-उजव्या दोन्ही पात्यांवर गुण्या लावून पाहिला, चार सुतांवर घासून दिले, आणि पाव सुताचे तेथील बर्फावर दोन दिवस खेळून झाल्यावर फोनवर ठरवू, असे तिला सांगितले आहे.